अतिवृष्टीचं अनुदान: केवायसी झाली तरी वडिलांच्या खात्यात पैसे नाहीत

कांदा_मका_नाशिक:
नमस्कार मंडळी, सातबारा वडिलांच्या नावावर आहे, 2025 च्या सप्टेंबरच्या पावसात मका आणि लाल कांदा दोन्ही गेलं, मक्याच्या कणसांना तर उभ्यानेच कोंब फुटले होते. पंचनामा झाला, यादीत नाव आलं, विशिष्ट क्रमांक मिळाला, सेवा केंद्रात अंगठा देऊन केवायसी पण केली, पावती आहे. शेजारच्यांचे पैसे पडून गेले, आमचे नाहीत. बँकवाले म्हणतात ऑफिसात विचारा, ऑफिसवाले म्हणतात बँकेत बघा. म्हातारा माणूस किती हेलपाटे मारणार? काय करावं सांगा.

द्राक्षबाग निफाड:
भाऊ, आधी हे बघा की आधार कोणत्या बँकेला जोडलंय. हे पैसे डीबीटीने, सरकारकडून थेट खात्यात येतात, म्हणजे तुम्ही पासबुकची झेरॉक्स कोणतीही द्या, आधारला शेवटचं जे खातं सीडिंग झालंय (सरकारी पैसे घ्यायला जोडलंय) तिथंच जातात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. वडिलांनी कधी सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा दिला असेल तर तिथं पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असू शकतं, आमच्या गल्लीत दोन जणांचं असंच निघालं, पैसे तिथं पडून होते आणि घरात कुणाला पत्ताच नाही. आणि सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, त्यावरही अडकतं.

येवलेकर:
किती येणार याचा पण हिशोब करून ठेवा, नाहीतर कमी आले तरी कळत नाही. 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मिळतं, हेक्टरी जिरायतीला 8500, बागायतीला 17000, फळबागेला 22500. म्हणजे 80 आर (0.8 हेक्टर) बागायती कांदा गेला तर 13600. रोप, खत, लागवडीची मजुरी धरली तर एवढ्यात काय भागतं ते तुम्हाला सांगायला नको, पण हक्काचे आहेत ते सोडायचे नाहीत. पंचनाम्यात कांदा बागायत लावलाय की जिरायत, ते तलाठ्याकडच्या यादीत स्वतः वाचा, ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या नोंदणीत) काय नोंद आहे तेही बघा. आणि पीकविमा वेगळा बरं का, दोन्ही एकच समजून लोक गप्प बसतात.

कांदा_मका_नाशिक:
द्राक्षबाग दादा, बरोबर निघालं. आधारला जुनं जनधनचं खातं लागलंय, व्यवहार नसल्यामुळं ते बंद पडलेलं. आता काय? पैसे परत गेले असतील का?

द्राक्षबाग निफाड:
आधी बँकेत वडिलांना घेऊन जा, केवायसी देऊन खातं चालू करा किंवा वापरात असलेल्या दुसऱ्या खात्याला आधार सीडिंगचा फॉर्म भरा, नुसतं आधार लिंक आहे म्हणाले तर ऐकू नका, डीबीटीसाठी सीडिंग हवं असं स्पष्ट सांगा. चार-पाच दिवसांनी स्टेटस परत बघा. मग विशिष्ट क्रमांक आणि केवायसीची पावती जोडून तहसीलला लेखी अर्ज द्या, पोच घ्याच. आणि पैसे आल्यावर बँकेनं पीककर्जात वळवायला सुरुवात केली तर लगेच तक्रार करा, मदतीच्या रकमेतून वसुली करू नये असं शासन निर्णयातच असतं, मॅनेजरला त्याची प्रत दाखवा.