'बॉयकॉट' हे क्रियापद आलं कुठून?

बॉयकॉट हे मुळात आडनाव आहे, आणि तेही बहिष्कार घालणाऱ्याचं नव्हे, ज्याच्यावर तो घातला गेला त्याचं. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ ची सुगी हातची गेल्यावर कुळांनी खंडात पाव हिस्सा सूट मागितली. मालक दहा टक्क्यांपुढे सरकेना, आणि सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच महिन्यात आयरिश नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येही कुणी संबंध ठेवू नये. मेयोतल्या लोकांनी तोच उपाय कारभाऱ्यावर केला. गडीमाणसं काम सोडून गेली, लोहार घोड्याला नाल ठोकेना, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभंच राहिलं. शेवटी ते काढायला कॅव्हन आणि मोनॅघनहून पन्नास जण आणले, त्यांच्या राखणीला सैनिक आणि पोलीस. पाचशे पौंडांच्या पिकापायी सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले, असा अंदाज तेव्हाच मांडला गेला. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

क्रियापद घडवल्याचं श्रेय तिथल्या फादर ओमॅलींना देतात. रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराने लिहून ठेवलंय की, 'ऑस्ट्रसाइझ' (एखाद्याला समाजातून वगळणे) हा जड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून त्यांनी हे आडनावच सुचवलं. वर्ष संपायच्या आत ते लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचलं होतं.

मराठीत 'बहिष्कार' चपखल बसतो. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला तोच शब्द आहे. पण काही जण बॉयकॉटला 'वाळीत टाकणे' हा प्रतिशब्द देतात, तो मला अजिबात पटत नाही. मेयोत गोरगरीब कुळांनी सत्तेच्या माणसाशी व्यवहार तोडला. वाळीत टाकते ती जातपंचायत किंवा गावकी, आणि तीही एखाद्या एकट्या पडलेल्या घराला: दुकान बंद, पाणी बंद, मयताला खांदा द्यायलाही कुणी येत नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याच्या नावातही 'सामाजिक बहिष्कार' असंच आहे, म्हणून नुसतं 'बहिष्कार' वाचून अर्थ ठरवू नये. कोण कुणावर घालतंय ते आधी पाहावं.

वापराचं म्हणाल तर 'मालाला बॉयकॉट केलं' बोलण्यात चालून जातं, लिहिताना मात्र 'मालावर बहिष्कार घातला' किंवा 'टाकला'. 'मालाचा बहिष्कार केला' अशी वाक्यं हल्ली बातम्यांत दिसतात, ती कानाला खटकतात.