दर्शनी भागातलं दरपत्रक (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गोडांबा

बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. इमर्जन्सी नाही; सर्जन म्हणाले, दिवाळीच्या आत उरकून घ्या. म्हणजे हातात दीड महिना. साडी घ्यायची तर लक्ष्मी रोडवर चार दुकानं पालथी घालणारे आम्ही, इथेही तेच करू म्हटलं आणि सहा हॉस्पिटलांना फोन लावले.

चार ठिकाणी पहिला प्रश्न, "कॅशलेस आहे का?" म्हणजे बिल विमा कंपनी परस्पर भरणार का. त्याच्या उत्तरावर आकडा ठरतो हे कळायला मला तिसरा फोन लागला. पाचव्या ठिकाणी, "पेशंटला घेऊन या, सर बघतील, मग एस्टिमेट देऊ." सहाव्या ठिकाणच्या मुलीने मात्र आकडा सांगितला आणि लगेच पुस्ती जोडली, "हा जनरल वॉर्डचा हं. ट्विन शेअरिंग, म्हणजे दोघांची खोली, घेतलंत तर सर्जनची फी पण वाढेल." सर्जन तोच, आत बसवायची जाळी तीच, टाके तेवढेच. खोलीतल्या कॉटा कमी झाल्या की हात महाग होतो!

२०२१ च्या जानेवारीत राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. दरपत्रक दर्शनी भागात लावा, रुग्ण हक्क सनद लावा, असं त्यात आहे. एका ठिकाणी बोर्ड सापडला: पाण्याच्या फिल्टरमागे, अर्धा कुंडीने झाकलेला. बहुतेक ओळींपुढे "पासून पुढे". त्या "पासून पुढे"मध्ये अख्खं गावजेवण बसेल.

माझं म्हणणं एवढंच: ठरवून करायच्या ऑपरेशनांना सगळं धरून एक लेखी आकडा सक्तीचा करा. भाव बांधून देऊ नका, फक्त आधी सांगायला लावा.

बारा खाटा

ताई, मी उपनगरात बारा खाटांचं हॉस्पिटल चालवतो, तेव्हा हे पक्षपाती आहे असं धरूनच वाचा. दुर्बीण आत घातल्यावर आतडं चिकटलेलं दिसलं तर तासाभराचं काम अडीच तासांवर जातं. शुगर आटोक्यात येईना म्हणून दोन दिवस मुक्काम वाढतो. तो खर्च कुणी सोसायचा? मोठं हॉस्पिटल शंभर पेशंटांत पचवतं. माझ्याकडे महिन्याला हर्निया येतात तीन.

आणि नियम म्हणाल तर कमी आहेत का? नोंदणी, अग्निशमनचा दाखला, जैववैद्यकीय कचरा, सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटीचे (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचे) फॉर्म. साखळी हॉस्पिटलात यासाठी वेगळं खातं असतं. आमच्याकडे मी आणि बायको, रविवारी जेवणं झाल्यावर. आमच्या रस्त्यावर तीन प्रसूतिगृहं होती, एक उरलंय. आणखी नियम आणा, मग तुम्हाला फोन लावायला सहा नाही, दोनच जागा राहतील.

खुला बाजार

डॉक्टरांना +१. लेझरने चष्म्याचा नंबर घालवायचा असेल किंवा दात बसवायचे असतील तर याच पुण्यात सरळ कोटेशन मिळतं, हप्तेही मिळतात. सक्ती कुणी केली नाही. तिथे सहसा विमा नसतो, माणूस स्वतःच्या खिशातून देतो म्हणून भाव विचारतो आणि पटला नाही तर उठून जातो.

सरकार भाव बांधतं तेव्हा काय होतं तेही पाहिलंय. मे २०२० मध्ये कोविडसाठी दिवसाचे दर ठरले: वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. आमच्या काकांच्या बिलात हे आकडे तंतोतंत होते. खाली "इतर" नावाची एक ओळ होती, ती या सगळ्यांच्या बेरजेहून मोठी.

हिशेबी

ते "इतर" म्हणजे बहुतेक औषधं, ग्लोव्हज, सिरिंजा, आयव्ही सेट. तिथे स्पर्धा नाही असं नाही, भरपूर आहे, फक्त उलटी आहे. समजा दोन कंपन्यांची तीच सिरिंज आहे. पहिली हॉस्पिटलला पाचला देते, छापील किंमत दहा. दुसरीही पाचला देते, पण छापते तीस. हॉस्पिटल कुठली घेईल? बिल तर छापील किमतीने लागणार. म्हणजे जास्त किंमत छापणारा जिंकतो. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, त्यात नफ्याचं प्रमाण १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेलं निघालं. खुल्या बाजाराने हे कसं दुरुस्त करायचं ते सांगा.

औषध बाहेरून आणायचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषधं घ्यायला लावण्याचा प्रश्न राज्यांच्या धोरणावर सोपवला. पण बाप आत टेबलावर असताना कोण चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानापर्यंत जाणार आहे?

भाव बांधणं अगदीच फुकट जातं असंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटला (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या नळीला) २९,६०० ची मर्यादा आली. त्याआधी लाखाच्या वर बिलं लागत होती.

खुला बाजार

स्टेंट उतरला हो, अँजिओप्लास्टीचं पॅकेज त्या हिशेबात उतरलं का? फुगा एकीकडे दाबलात की दुसरीकडे वर येतोच.

माजी एमआर

एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून अकरा वर्षं बॅग घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढलोय. तुम्ही सगळे पेशंटसाठी स्पर्धा होते असं धरून बोलताय. पेशंट मिळवायचा नसतो हो, पाठवणारा मिळवायचा असतो. स्कॅन सेंटरचा माणूस महिन्याच्या पाच तारखेला पाकिटं घेऊन फिरायचा, वर नावाच्या जागी फक्त आद्याक्षरं. नवं सेंटर आलं की पेशंटचा दर तोच राहायचा, पाकीट जाड व्हायचं. पेशंट पाठवल्याबद्दल असा कट (कमिशन) घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट मना आहे. २०१७ मध्ये राज्याने त्यावर वेगळ्या कायद्याचा मसुदाही केला होता. मसुदाच.

(सगळे घेत नाहीत. न घेणारे दोन-तीन डॉक्टर मला चांगले आठवतात, कारण तिथे आमचा वेळ फुकट जायचा.)

गोडांबा

एमआर साहेब, हे वाचून झोप उडाली. आम्हाला या सर्जनकडे फॅमिली डॉक्टरांनीच पाठवलंय. आता त्यांच्याकडे कसं बघू?

डॉक्टर, तुमचा मुद्दा पटला. मग आकडा दोन ओळींत द्या: सरळ झालं तर इतके, गुंतागुंत झाली तर कशाचे किती. "पासून पुढे" नको. याला कुठलं वेगळं खातं लागतं?

बारा खाटा

नाही लागत. तसा कागद मी देऊ शकतो, देईनही.

गोडांबा

आणखी एक. तुमच्याकडे जनरलला आणि ट्विनला सर्जनची फी एकच आहे का?

बारा खाटा

नाही. विमा कंपनीच्या तक्त्यातच ती खोलीप्रमाणे येते. मी एकच लावली तर त्यातली खालची धरतात आणि पुढच्या करारात तीच कायम होते. बाकीचं व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) बोलू.