मदत हवी आहे: पेशी 'डिफरन्शिएट' होतात की केल्या जातात? (इंग्रजी प्रबंध)

शेवंती:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग सगळं इंग्रजीतून. आता प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झेब्राफिशच्या भ्रूणात रंगपेशी कशा तयार होतात यावर प्रबंध आहे आणि तो चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीआधी द्यायचाय.

मी लिहिलं होतं, 'न्यूरल क्रेस्ट सेल्स आर डिफरन्शिएटेड इन्टू मेलॅनोफोर्स', म्हणजे भ्रूणातल्या न्यूरल क्रेस्ट या पेशीगटाचं मेलॅनोफोर्समध्ये, म्हणजे काळ्या रंगपेशींमध्ये, रूपांतर केलं जातं. मॅडमनी समासात लिहिलं, 'बाय हूम?' पण स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) पेपरांत 'वेअर डिफरन्शिएटेड इन्टू' सर्रास दिसतं. मग तिथे कसं चालतं? शिवाय तोचतोचपणा नको म्हणून मी स्पेसिफाइड, डिटर्मिन्ड, कमिटेड आलटून पालटून वापरलेत. त्या तिन्हींखाली लाल रेघा.

खाजन:
मॅडमचा प्रश्न नेमका आहे. भ्रूणात पेशी आपल्या आपण बदलतात, म्हणून नुसतं 'डिफरन्शिएट इन्टू'. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये माणूस ग्रोथ फॅक्टर (पेशींना संकेत देणारी प्रथिनं) घालून ते घडवून आणतो, म्हणून 'वेअर डिफरन्शिएटेड'. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीच्या पेशींमध्ये) चार जीन घालून त्या पेशी मागे, स्टेम सेलसारख्या अवस्थेत नेल्या, तिथेही कर्ता माणूसच. फक्त क्रियापद 'रिप्रोग्रॅम्ड', कारण दिशा उलटी.

लाल रेघांचं प्रकरण जास्त गंभीर. ते शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, प्रत्येकामागे वेगळा प्रयोग आहे. पेशी काढून तटस्थ माध्यमात एकटी ठेवली आणि तरी ती ठरल्या वाटेने गेली, तर ती 'स्पेसिफाइड'. भ्रूणात दुसऱ्याच जागी लावली आणि तरी बदलली नाही, तर 'डिटर्मिन्ड'. 'कमिटेड' या दोन्ही पायऱ्यांना मिळून म्हणतात. तुम्ही प्रत्यारोपण केलंय का? नसेल तर 'डिटर्मिन्ड' लिहू नका, तोंडी परीक्षेत परीक्षक तेच धरून बसतील. तोचतोचपणाची भीती निबंधात ठेवावी, प्रबंधात नाही.

शेवंती:
प्रत्यारोपण नाही, फक्त फलनानंतर २४ आणि ४८ तासांचे फोटो.

खाजन:
मग सरळ 'डिफरन्शिएटेड मेलॅनोफोर्स वेअर व्हिजिबल' लिहा. इथे ते विशेषण आहे, 'बाय हूम' कोणी विचारणार नाही. साधारण २४ तासांनी मेलॅनिन (काळं रंगद्रव्य) दिसू लागतं, तोच तुमचा पुरावा.

आबोली:
एक भर घालते. उगमापासून सुरुवात केली तर 'द न्यूरल क्रेस्ट गिव्ह्ज राइज टू मेलॅनोफोर्स, झँथोफोर्स अँड इरिडोफोर्स' (काळ्या, पिवळ्या आणि चमकदार रंगपेशी). रंगपेशीपासून सुरुवात केली तर 'अराइझ फ्रॉम' किंवा 'आर डिराइव्ड फ्रॉम'. 'गिव्ह राइज फ्रॉम' असं काही नसतं, आमच्या लॅबमध्ये दर वर्षी कोणीतरी लिहितंच.

शेवंती:
आणि 'सेल फेट', म्हणजे पेशी पुढे काय बनणार ते? वाचलं की पत्रिका मांडल्यासारखं वाटतं.

आबोली:
बिनधास्त वापरा, रूढ आहे. पेशी फेट 'अ‍ॅडॉप्ट' करते किंवा फेटला 'कमिट' होते. फक्त 'डिसाइड्स' टाळा, नाहीतर मॅडम पुन्हा समासात काहीतरी लिहितील.