४८६ बोर्डावर प्रोसेसर बदलल्यापासून फ्लॉपीवरील फाइली बिघडतात : मदत हवी आहे

सांगलीत आमच्याकडे ४८६ वर्गातील एक जुना संगणक आहे आणि त्यातील आयएसए कार्ड (जुन्या प्रकारच्या खाचेत बसणारे जोडकार्ड) नव्या यंत्रांत बसत नसल्यामुळे तोच चालू ठेवणे भाग आहे. त्याचा ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स२ प्रोसेसर काढून एएमडीचा १३३ मेगाहर्ट्झचा ५एक्स८६ बसवला, तेव्हापासून हार्ड डिस्कवरील फाइली शाबूत राहतात, पण फ्लॉपीवर उतरवलेली फाइल परत वाचली की बिघडलेली निघते.

प्रोसेसरचे व्होल्टेज मोजले, ते ३.४५ भरले, बस (प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग) पूर्वीप्रमाणे ३३ मेगाहर्ट्झवरच आहे. ड्राइव्ह आणि केबल बदलून झाली. बाह्य कॅशच्या (बोर्डावरील जलद तात्पुरत्या मेमरीच्या) एका चिपेची काळवंडलेली पिन खोडरबराने घासून साफ केली, नंतर ती कॅश बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) बंदही केली; फरक पडला नाही. प्रोसेसरमधील १६ केबीची अंतर्गत कॅश बंद केली की मात्र दोष जातो, पण मग यंत्र इतके रखडते की जुना डीएक्स२च बरा होता असे वाटते.

हार्ड डिस्क पीआयओने (माहिती प्रोसेसरमार्फत) आणि फ्लॉपी डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीतून) चालत असल्यामुळे माझा संशय राइट-बॅकवर (लिहिलेली माहिती आधी फक्त कॅशमध्ये ठेवून मेमरीत नंतर पाठवण्याच्या पद्धतीवर) आहे : ताजी माहिती कॅशमध्येच अडकून राहत असावी आणि डीएमए मेमरीतील शिळी माहिती उचलत असावा. बायोसमध्ये राइट-थ्रूचा (माहिती कॅशबरोबर लगेच मेमरीतही लिहिण्याचा) पर्याय नाही, बोर्डाची पुस्तिका नाही आणि जम्परांवर (टोपी लावून जोडणी बदलण्याच्या छोट्या पिनांवर) नुसते क्रमांक छापलेले आहेत. सोल्डरिंग मला जमते. बोर्ड बदलण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये.

राइट-थ्रू कायम करणारा जम्पर ओळखण्यासाठी, वीज बंद ठेवून, सॉकेटच्या नेमक्या कोणत्या पिनेपासून मल्टिमीटरने जोडणी शोधत जावे?