शब्दचर्चा : 'इन्स्टॉल', 'फॉरमॅट' आणि 'पार्टिशन' यांसाठी मराठीत काय लिहावे?

प्रश्न

विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षेच्या सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप) नसलेले अनेक जुने संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. असा संगणक मोडीत न काढता त्यावर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स कार्यप्रणाली) घालू इच्छिणाऱ्या पुण्यातील ज्येष्ठ नागरिकांसाठी मी मराठी सूचनापत्रक तयार करीत आहे. 'इन्स्टॉल'साठी 'प्रतिष्ठापना', 'अधिष्ठापना' की 'स्थापना'? 'पार्टिशन'साठी 'विभाजन' चालेल का? 'फॉरमॅट' तसाच ठेवावा का?

प्रतिसाद १

क्रियापद म्हणून 'बसवणे' घ्यावे. नळ, पंखा, मोटर आपण बसवतोच आणि त्याचा उलट शब्द 'काढणे' हाही तयार आहे. 'प्रतिष्ठापना' म्हटले की पुणेकराच्या मनात गणेश चतुर्थी येते. 'अधिष्ठापना' तर बहुतेकांना दोनदा वाचावा लागेल. दुकानांत 'विंडोज टाकून देतो' असे सर्रास म्हणतात, परंतु 'टाकणे' याचा अर्थ घालणे असाही होतो आणि सोडून देणे असाही, त्यामुळे 'विंडोज टाकायचे आहे का?' हा प्रश्न छापील पत्रकात घातक ठरू शकतो.

'फॉरमॅट'बाबत मात्र अधिक काळजी हवी. पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात काय किंवा कोणत्याही पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात काय, 'फॉरमॅट मारणे' म्हणजे 'सगळे नव्याने घालून संगणक सुरळीत करणे' असा अर्थ रूढ आहे. प्रत्यक्षात फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या एखाद्या भागावर नवी फाइल-व्यवस्था (फायली कुठे ठेवल्या आहेत याची मांडणी) आखणे, आणि त्या भागातील आधीच्या फायली त्यानंतर नेहमीच्या मार्गाने सापडत नाहीत. दुकानदार बहुधा फक्त 'सी' ड्राइव्हवर ही क्रिया करतो आणि 'डी'मधले फोटो राहतात, म्हणून 'फॉरमॅट मारला तरी फोटो जात नाहीत' अशी समजूत होते. तीच व्यक्ती उबुंटू बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडते, तेव्हा 'सी' आणि 'डी' दोन्ही जातात. म्हणून पत्रकात शब्दाचा अनुवाद न करता परिणाम लिहावा : 'या डिस्कवरील विंडोज, फोटो आणि सर्व फायली पुसल्या जातील.'

'पार्टिशन' म्हणजे डिस्कचा वेगळा राखलेला भाग; त्यासाठी मी 'कप्पा' सुचवतो. 'विभाजन' हे क्रियेचे नाव आहे. त्या क्रियेतून तयार होणाऱ्या वस्तूला नाव हवे. 'विंडोजचा कप्पा लहान करून उरलेल्या जागेत उबुंटू बसवा' हे वाक्य कोणालाही कळते. विंडोज ठेवून शेजारी उबुंटू बसवण्याच्या पर्यायात नेमके हेच घडते.

बटनांचाही विचार व्हावा. प्रत्येक पडद्यावर 'पुढे' हेच लिहिलेले असेल, तर माणूस न वाचता दाबत जातो. डिस्कवर प्रत्यक्ष बदल शेवटच्या पुष्टीनंतरच होतात, त्यामुळे त्या एका बटनावर 'पुसा आणि बसवा' असेच लिहिलेले असावे, आणि इन्स्टॉलरमध्ये (उबुंटू बसवून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते तसे नसेल तर पत्रकात त्या पडद्याचे चित्र छापून शेजारी ठळकपणे नोंदवावे.

प्रतिसाद २

'बसवणे' मान्य, परंतु शीर्षकासाठी नाम लागते. तेथे 'उबुंटू कसे बसवावे' अशी रचना केल्यास 'स्थापना'चीही गरज उरत नाही. 'इन्स्टॉलर' हा शब्द मात्र बदलू नये; पडद्यावर दिसणारा आणि पत्रकातला शब्द एकच असावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

'बसवणे', 'कप्पा' आणि 'पुसणे' हे तिन्ही शब्द घेत आहे. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर इन्स्टॉलरला विंडोजचा कप्पा लहान करता येत नाही, म्हणून पत्रकाच्या पहिल्याच पानावर 'आधी विंडोजमध्ये बिटलॉकर बंद करा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या' ही सूचना येईल. 'एन्क्रिप्शन'साठी 'कुलूपबंद साठवण' लिहावे असा विचार आहे; 'कूटबद्ध' हा शब्द अचूक असला, तरी ज्यांच्यासाठी हे पत्रक आहे त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो ओळखीचा असेल. यावर मते हवी आहेत.