मदत हवी आहे: मायामीच्या मजुरीचं गणित
एम.ए.च्या सेमिनारला स्थलांतर आणि मजुरी हा विषय घेऊन बसलेय. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं फ्लोरिडात उतरली. मायामीतले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की स्थानिकांच्या मजुरीवर जवळपास काहीच परिणाम नाही. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास (हे स्वतः क्यूबातून आलेले!) म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी १० ते ३० टक्के घसरली. पण त्यांच्या नमुन्यात माणसंच मोजकी! मला कार्ड पटतात. मॅडम म्हणतात, "पटतात म्हणजे काय? फळ्यावर दाखव." छोट्या नमुन्याची ही गोची वर्गाला सोप्या उदाहरणाने कशी समजावू? सोमवारी सेमिनार आहे.