मदत हवी आहे: क्विंगने सांगितलेल्या गुहाचित्रांचा अर्थ कसा लावावा?
१८७३ मध्ये क्विंग या सान (आफ्रिकेच्या दक्षिण भागातले मूळ शिकारी लोक) वाटाड्याने ब्रिटिश अधिकारी जोसेफ ऑर्पेन यांना आजच्या लेसोथोतल्या मालोटी डोंगरांतली चित्रं दाखवली. मेलिकाने इथल्या गुहेतल्या हरणमुखी माणसांच्या चित्राबद्दल तो म्हणाला, ही मेलेली माणसं, आता नद्यांत राहतात. ईलंड या मोठ्या हरणांबरोबरच, नाचांमुळे ती बिघडली, असंही तो म्हणाला. गुहाचित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुईस-विल्यम्स यांना यात नाचताना मांत्रिकांच्या अंगात येणं दिसतं, तर दुसऱ्या अभ्यासक अ‍ॅन सॉलोमन यांना मृतात्मे. मला दुसरं जास्त पटतं, कारण क्विंग सरळ ‘मेलेली’ म्हणतो.

पण सगळं दुभाष्यांमार्फत आलेलं, शिवाय कथांचे सुटे तुकडे ऑर्पेन यांनीच सलग जुळवले. मग यात क्विंगचं किती, ऑर्पेनचं किती, हे कशावरून ठरवायचं? लोककथा किंवा मानववंशशास्त्राचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगा. क्विंगचं म्हणणं त्याच्याच बाजूने समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे.